पाठभेदांचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहावे आणि वेतनकरार, बोनस किंवा कंत्राटी कामगार ह्यांविषयी न बोलता संशोधक मंडळी संगणकावर आपल्या कामाच्या नोंदी कशा ठेवतात ह्याविषयी बोलावे, ह्याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले. तेव्हा ह्या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा दावा नाही. पण विषय दिसतो तितका परका नाही. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्याने एक पाळी जरी काम केले असेल, त्याला पुढील तीन प्रश्न ओळखीचे वाटतील. अनेक हात एकाच कामावर पडले, तर ते काम एकजिनसी कसे राहावे? कोणी काय बदलले, केव्हा बदलले आणि कशासाठी बदलले, हे मागाहून येणाऱ्याला कसे कळावे? आणि ज्याला एखादी खुबी साधली आहे, त्याने ती शेजारच्याला सांगावी की आपल्या गाठीशी बांधून ठेवावी?

ह्या तीन प्रश्नांचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. तो संगणकापासून सुरू होत नाही. तो आपल्याच भाषेत आणि आपल्याच मुलखात सुरू होतो.

छापखाना नव्हता तेव्हा ग्रंथ हाताने उतरून घेत असत. उतरणारा माणूस दमतो. त्याची ओळ गळते. समासात कोणी अर्थ लिहून ठेवला असेल तर तो मूळ मजकुरात शिरतो. जुना शब्द कळला नाही की त्याच्या जागी कळणारा शब्द येतो. ह्यांत लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा भक्तीनेच भर पडते. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढे सुमारे तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतका फरक पडला, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांना ती शुद्ध करण्याचे काम हाती घ्यावे लागले. त्यांनी शेवटी शक नोंदवला, काम का केले ते सांगितले आणि पुढे कोणी पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. एका संपादकाने आपल्या कामाची तारीख आणि कारण लिहून ठेवल्याचे हे आपल्या भाषेतील फार मोठे उदाहरण आहे.

मात्र नाथांनी कोणकोणत्या प्रती समोर ठेवल्या, कोठे कोणता शब्द सोडला आणि त्याच्या जागी कोणता घेतला, ह्याची यादी आपल्या हाती नाही. त्या काळी कागद दुर्मीळ आणि लिहिणारे थोडे. तेव्हा अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. परंतु परिणाम असा झाला, की १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा विद्वानांत वाद माजला. शुद्ध केलेला मजकूर हाती होता, पण शुद्ध करण्याची वाट हाती नव्हती. मजकूर जपणे आणि मजकुराचा प्रवास जपणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे ह्यावरून ध्यानात यावे.

दुसरे काम, म्हणजे प्रवास जपण्याचे, मोठ्या प्रमाणावर कसे झाले ते पाहू. त्याची सुरुवात आपल्या शेजारच्या औंधात झाली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांचे नाव ह्या भागातील कामगाराला दुसऱ्या कारणाने ठाऊक असते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलजवळच्या माळावर जागा मिळाली ती त्यांच्या संस्थानात. त्याच बाळासाहेबांनी १९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लाख रुपयांचे अभिवचन दिले. मंदिर स्थापन होऊन त्या वेळी जेमतेम एक वर्ष झाले होते. लोखंडाच्या कामाला आणि पोथ्यांच्या कामाला एकाच माणसाने हात दिला, ही गोष्ट मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखी वाटते.

१ एप्रिल १९१९ रोजी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला. १९२५ साली डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते आणि नंतर बर्लिनला संस्कृतविद्येकडे वळले होते. गणिताची ती शिस्त त्यांच्या कामात पदोपदी दिसते.

काम असे चाले. एक मोठा कागद घ्यावयाचा आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारून चौकटी पाडावयाच्या. सर्वांत वरच्या ओळीत प्रचलित पोथीतला श्लोक ठळक अक्षरांत लिहावयाचा. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ राखलेली. ज्या हस्तलिखितात जेथे फरक असेल, तेथे त्या अक्षराच्या बरोबर खाली तो फरक लिहावयाचा. उजव्या हाताला चार इंच रुंदीचा एक रकाना मोकळा ठेवलेला असे, तो शेऱ्यासाठी. मूळ लेखकाने खोडले होते काय, समासात कोणी भर घातली आहे काय, एखादा श्लोक अधिक आहे काय, ते तेथे नोंदवावयाचे. शास्त्री आणि पदवीधर असे दोन्ही प्रकारचे लोक ह्या कामावर होते. काही मिळवणी पुण्याबाहेर, शांतिनिकेतनात विश्वभारतीमध्ये आणि तंजावरला सरस्वती महालातही होत असे. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या लिपींतील पोथ्यांवर काम करणाऱ्या माणसांचे कागद पुण्यात एकत्र यावयाचे आणि ते एकमेकांशी जुळावयाचे. आखणी एकच असल्यामुळे ते जुळत.

ह्या आवृत्तीचे आणखी दोन नियम सांगतो. ज्या पाठाविषयी संपादकाची पुरती खात्री नसे, त्याखाली नागमोडी रेघ छापलेली असे. आपला संशय त्याने लपवावयाचा नाही. आणि जे श्लोक मूळ संहितेत घेतले नाहीत तेही फेकून न देता तळटीपांत किंवा परिशिष्टांत क्रमांक देऊन छापलेले असत. उद्या कोणाला संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला तर त्याला सर्व साहित्य तेथल्या तेथे मिळावे. सुकथनकर २१ जानेवारी १९४३ रोजी गेले. त्यांच्यामागे डॉ. बेलवलकर आणि नंतर डॉ. प. ल. वैद्य ह्यांनी काम चालवले. १९६६ साली ते पुरे झाले. एकूण १,२५९ हस्तलिखिते, १९ खंड आणि ८९,००० हून अधिक श्लोक. प्रारंभ करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण शेवट पाहावयास नव्हते, तरी काम अडले नाही. कारण जे जाणावयाचे ते केवळ कोणाच्या डोक्यात राहिले नव्हते, कागदावर उतरले होते.

आता पुण्यातून दूर अमेरिकेत जावे लागेल. प्रश्न मात्र तोच राहील. संगणकाला द्यावयाच्या सूचनांची यादी म्हणजे प्रोग्रॅम. ती यादीही एक संहिताच आहे. ती हजारो ओळींची असते, अनेक माणसे मिळून लिहितात, आणि पोथीत एक अक्षर चुकले तर अर्थ बदलतो तसे येथे एक चिन्ह चुकले तर गणित बदलते. न्यू जर्सी प्रांतातील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्सन आणि डेनिस रिची ह्यांनी युनिक्स नावाची संगणक-व्यवस्था लिहावयास घेतली. आज जगातील बहुतेक संशोधनसंस्थांतील संगणक त्याच परंपरेतील व्यवस्थांवर चालतात. लिनक्स ही त्यांतलीच.

ह्या व्यवस्थेशी माणूस अक्षरांनी बोलतो. आपण मोबाइलवर बोटाने चित्रे दाबतो; संशोधक पडद्यावर एका ओळीत आज्ञा लिहितो आणि यंत्र ती पाळते. हिलाच कमांड लाइन म्हणतात. पहिल्या दिवशी ती रूक्ष वाटते खरी. पण तिचा एक गुण असा की लिहिलेली आज्ञा दुसऱ्याला देता येते. कोणते चित्र कोठे दाबले हे शिकवावयाचे तर शेजारी उभे राहावे लागते. आज्ञा मात्र चिठ्ठीवर लिहून देता येते, वहीत उतरून ठेवता येते, वर्षाने पुन्हा जशीच्या तशी चालवता येते. आज्ञा लिहिलेली असल्यामुळे ती सांगण्याजोगी होते. ज्याला खुबी वाटावयाची आहे त्याच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हे.

बेल प्रयोगशाळेतील मंडळींनी तो ओळखला होता. १९७१ च्या नोव्हेंबरात त्यांनी युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका काढली. तीत प्रत्येक आज्ञेला वेगळे पान होते. पानावर ती आज्ञा काय करते हे तर होतेच, शिवाय ती कोणाची आहे हे लिहिलेले असे, आणि 'दोष' असे एक सदर असे. आपल्या हत्यारात कोठे खोट आहे हे हत्यार करणाऱ्यानेच लिहून ठेवावयाचे! १९७३ साली डग मॅकिलरॉय ह्यांच्या आग्रहावरून एक नवी सोय झाली: एका आज्ञेचे उत्तर नळातून सोडल्यासारखे दुसऱ्या आज्ञेत सोडता येऊ लागले. त्यामुळे एकाने केलेले लहान हत्यार दुसऱ्याच्या हत्याराला जोडता आले. मॅकिलरॉय ह्यांच्याच हातून त्या दशकात 'डिफ' नावाची आज्ञा झाली. दोन मजकूर समोर ठेवले की ती फक्त त्यांतील फरक दाखवते. भांडारकर मंदिराच्या चौकटीच्या कागदावर शास्त्रीबुवा जे करीत होते, तेच हे काम. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता. गरज सारखी होती म्हणून उपाय सारखा निघाला.

पुढची पायरी म्हणजे हे फरक तारीखवार साठवणे. १९७२ साली बेल प्रयोगशाळेतच मार्क रॉचकाइंड ह्यांनी तशी व्यवस्था तयार केली. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि का केला, हे तीत नोंदले जाई. संगणकाच्या व्यवहारात ह्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. मी त्याला आवृत्तींची रोजकीर्द म्हणेन. १९८२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची ह्यांनी अशीच, अधिक सुटसुटीत व्यवस्था केली.

त्यानंतरची हकीकत आपल्यासारख्या पाळीवाल्यांना गोड वाटेल अशी आहे. ॲमस्टरडॅम येथील विद्यापीठात डिक ग्रून नावाचे अध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी १९८४-८५ साली एकाच प्रोग्रॅमवर काम करीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नेमाने येई. दुसऱ्याच्या येण्याला धरबंध नव्हता. अध्यापकांना सवड मिळे ती संध्याकाळी. तिघांची गाठ पडणे कठीण, आणि काम तर एकच. तेव्हा एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या बदलावर न पडता दोन्ही एकत्र व्हावेत म्हणून ग्रून ह्यांनी एक व्यवस्था लिहिली, आणि १९८६ साली ती सर्वांसाठी खुली केली. सीव्हीएस ह्या नावाने ती पुढे जगभर वापरली गेली. पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्राची स्थिती सांगून जातो ना, त्याचीच ही लेखी रीत.

एवढ्यावर इतिहास थांबता तर मी आज बोललो नसतो. २००५ साली जे घडले त्यात हत्यार कोणाच्या मालकीचे, हा आपला जुना प्रश्न उभा राहिला. लिनक्स ही हजारो लोकांनी मिळून लिहिलेली व्यवस्था. तिचे प्रमुख लिनस टॉर्वाल्ड्स ह्यांनी २००२ पासून आवृत्तींच्या नोंदीसाठी बिटकीपर नावाचे एका खासगी कंपनीचे साधन वापरावयास घेतले होते. कंपनीने ते फुकट दिले होते, पण अटी घातल्या होत्या. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल ह्यांनी त्या साधनाशी बोलणारे वेगळे साधन करण्याचा प्रयत्न केला. कंपनी संतापली आणि तिने फुकट वापराची सवलत काढून घेतली. एप्रिल २००५ मध्ये कॅनबेरा येथील एका परिषदेत ट्रिजेल ह्यांनी आपण काय केले ते श्रोत्यांसमोर करून दाखवले. त्यांनी कमांड लाइनवरून त्या यंत्राशी संधान बांधले आणि 'हेल्प' एवढाच शब्द लिहिला. यंत्राने आपल्या आज्ञांची यादी आपण होऊन समोर टाकली.

सवलत गेली तेव्हा टॉर्वाल्ड्स ह्यांनी स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले. त्याच एप्रिल महिन्यात काही दिवसांत त्याचा पहिला सांगाडा उभा राहिला. त्याचे नाव गिट. ते कोणाही एका कंपनीच्या मालकीचे नाही आणि त्याचा मजकूर सर्वांना खुला आहे. जुलै २००५ पासून त्याची देखभाल जुनिओ हमानो ह्यांच्याकडे आहे.

गिटची रचना समजावून सांगतो, कारण तीत एक व्यावहारिक शहाणपण आहे. जुन्या व्यवस्थांत सगळा इतिहास एका मध्यवर्ती ठिकाणी असे. कामकरी तेथून ताजी प्रत तेवढी घेई. गिटमध्ये जो कोणी काम उतरून घेतो त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा सारा इतिहास येतो. एक ठिकाण नष्ट झाले तर दुसऱ्या कोणाकडूनही तो परत उभा करता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. पाणी ओसरल्यावर भिजलेली पुस्तके, दप्तरे आणि वह्या उन्हात पसरलेल्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ज्या कागदाची दुसरी प्रत कोठेच नव्हती त्याचे काय झाले, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

ह्या सर्व साधनांचा संशोधकांशी संबंध काय? संबंध असा, की गेल्या काही दशकांत जवळजवळ प्रत्येक शास्त्रातील संशोधक प्रोग्रॅम लिहू लागला आहे. पण तो शिकलेला असतो खगोलशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा अर्थशास्त्र. प्रोग्रॅम लिहिण्याची आणि नोंदी ठेवण्याची कारागिरी त्याला फारशी कोणी शिकवलेली नसते. ती तो शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्याकडून उचलतो. 'फायलीला अंतिम, अंतिम दोन, खरोखर अंतिम अशी नावे देऊ नकोस, गिटमध्ये घाल'. 'एका नोंदीत एकच बदल ठेव, आणि काय बदलले हे यंत्र सांगेलच, तू का बदलले ते लिही'. 'लॉग म्हटलेस की कालचा इतिहास दिसेल, डिफ म्हटलेस की आजचा फरक दिसेल'. अशी ही विद्या कानोकानी चालते. आपल्या वर्कशॉपमध्ये नवा पोरगा लेथवर उभा राहिला की जुना टर्नर त्याला हत्यार कसे धरावे, पाणी कोठे सोडावे, कोणत्या आवाजाला यंत्र थांबवावे हे सांगतो, त्याचीच ही जात आहे.

हे कानोकानी चालणारे शिक्षण रीतसर देण्याचा प्रयत्न १९९८ साली ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा ह्यांनी अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत केला. त्याला त्यांनी नाव दिले सॉफ्टवेअर कार्पेंट्री, म्हणजे प्रोग्रॅमचे सुतारकाम. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना शिकवण्याच्या विद्येला सुताराचे नाव द्यावे, ह्यात मला कारागिराचा मान दिसतो. आज त्या चळवळीचे वर्ग दोन दिवसांचे असतात. त्यांत कमांड लाइन, आवृत्तींची नोंद आणि थोडे प्रोग्रॅमलेखन शिकवतात. शिकवणारे स्वयंसेवक असतात, आणि धड्यांचा मजकूरही गिटमध्येच असल्यामुळे जगातील कोणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतो.

आपल्या महाराष्ट्राचाही ह्यात वाटा आहे. दोन कृष्णविवरांच्या मिलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील यंत्रांनी टिपल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ते जाहीर झाले. त्या निबंधावर हजारावर लेखकांची नावे आहेत, आणि त्यांत डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात उभ्या केलेल्या आयुका संस्थेतील संशोधक आहेत. अशा लहरी यंत्राच्या गोंगाटातून निवडून काढणारे प्रोग्रॅम अनेक देशांतील माणसांनी मिळून लिहिलेले असतात आणि त्यांची नोंद गिटमध्ये राहते. चौकटीच्या कागदांवर पुणे, शांतिनिकेतन आणि तंजावर जसे एकत्र आले, तसेच हे.

आता नोंद आणि वाटप ह्यांच्या अभावी काय होते, ह्याचे एक उदाहरण देतो. त्याचा कामगाराच्या पोटाशी संबंध आहे. २०१० साली कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ ह्या अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. राष्ट्राचे कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढ खुंटते, असे त्यात दाखवले होते. अशा देशांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्के निघाला होता. सरकारी खर्चात, म्हणजे नोकऱ्या, निवृत्तिवेतन आणि दवाखाने ह्यांत काटछाट मागणाऱ्या युरोप-अमेरिकेतील पुढाऱ्यांनी हा निबंध वारंवार पुढे केला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्याला अभ्यासाचा भाग म्हणून तेच गणित करून पाहावयाचे होते. त्याचे उत्तर जुळेना. त्याने लेखकांकडे त्यांचा मूळ हिशेबाचा तक्ता मागितला आणि, त्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी तो दिला. तक्त्यातील सूत्राच्या कक्षेत पाच देश आलेच नव्हते. शिवाय काही वर्षांची आकडेवारी गळली होती आणि सरासरी काढण्याची रीतही वादग्रस्त होती. हर्नडन आणि त्याच्या दोन अध्यापकांनी २०१३ साली काढलेला दर अधिक २.२ टक्के आला. मूळ लेखकांनी सूत्राची चूक मान्य केली. निष्कर्ष मात्र सोडला नाही. कोणाचे अर्थशास्त्र बरोबर हा वाद विद्वानांनी करावा. माझे म्हणणे एवढेच, की तक्ता पहिल्या दिवसापासून खुला असता तर ती चूक तीन वर्षे झाकली गेली नसती.

येथवर ऐकून एखादा अनुभवी कामगार मला विचारील, 'साहेब, हे विद्वानांना शोभते. मी माझी खुबी सांगितली तर उद्या माझी गरज काय राहिली?' ह्या शंकेला हसू नये. तिला इतिहास आहे. फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअराने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. कामगारांपाशी परंपरेने साठलेले ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावे आणि त्याचे नियम व तक्ते करावेत, असे त्याने उघड म्हटले आहे. ज्ञान कामगाराकडून कचेरीत गेले. परत मात्र वाटणी म्हणून न येता हुकूम म्हणून आले. ज्याने हे सोसले तो आपली खुबी झाकून ठेवतो, ह्यात त्याचा दोष थोडा आहे. आजही कोणी किती नोंदी केल्या ते मोजून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची किंमत ठरवावी असा मोह मालकाला होऊ शकतो.

म्हणून नोंद ठेवावी एवढे म्हणून भागत नाही. ती कोणाच्या हाती आणि कोणाला दिसणारी, हेही पाहिले पाहिजे. ओळ कोणी लिहिली हे दाखवणाऱ्या आज्ञेला गिटमध्ये 'ब्लेम', म्हणजे दोष देणे, असे नाव आहे. सबव्हर्जन नावाच्या, त्याआधीच्या एका व्यवस्थेत हीच आज्ञा तीन नावांनी देता येते: 'ब्लेम', 'प्रेज' म्हणजे प्रशंसा, आणि 'ॲनोटेट' म्हणजे टीप देणे. कोणतेही नाव लिहा, पडद्यावर उत्तर एकच येते. तीच नोंद आरोपपत्र होऊ शकते आणि तीच श्रेयपत्र होऊ शकते.

ती ढालही होते, हे मी पाहिले आहे. एका कारखान्यात, ज्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही, एका टर्नरवर माप चुकवल्याचा ठपका आला. जॉबची सबंध खेप नापास झाली होती आणि चौकशी लागली होती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा एक लहान तक्ता असतो. त्यात बदलाचा क्रमांक, तारीख, बदल आणि सही असते. संघटनेने तो तक्ता आणि ड्रॉइंग देण्याघेण्याचे रजिस्टर मागवले. माप बदलले होते हे खरे. पण बदललेले ड्रॉइंग खात्यात पोचले होते ते खेप उतरल्यावर. टर्नरने आपल्या हाती असलेल्या कागदाप्रमाणे अचूक काम केले होते. आरोप मागे घ्यावा लागला. तो रकाना कोरा असता तर माझ्या कोणत्याही भाषणाने तो मनुष्य वाचला नसता. तो वाचला, कारण रजिस्टर दोन्ही बाजूंना पाहता आले.

तात्पर्य, खुबी वाटावी ती बरोबरीच्यांत, आणि नोंद ठेवावी ती सर्वांना वाचता येईल अशी. बेल प्रयोगशाळेतील पानावर करणाऱ्याचे नाव आणि हत्याराचा दोष शेजारी शेजारी छापले गेले, कारण तेथे दोष सांगितल्याबद्दल शिक्षा नव्हती. भांडारकर मंदिरात संशयाखाली रेघ मारता आली, कारण संशय हा कामाचाच भाग मानला होता. जेथे असे वातावरण नाही तेथे उत्तमातले उत्तम साधन आणले तरी माणसे त्यात खरे लिहिणार नाहीत.

आपल्या गावात हे करण्यासारखे आहे. आमच्या वसाहतीतील कामगारांची मुले आज सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये शिकत आहेत. त्यांच्या हातांत संगणक आहेत, आणि गिट फुकट आहे. आठवड्यातून एक तास चार जणांनी एकत्र बसावे; एकाने एक आज्ञा सांगावी, दुसऱ्याने ती चालवून पाहावी, तिसऱ्याने मराठीत उतरून ठेवावी, आणि जेथे ती फसते तेही लिहावे. इंग्रजी चांगले येत नाही म्हणून ह्या विद्येच्या दारात थबकलेल्या मुलाला ते टिपण फार उपयोगी पडेल. शिकवणाऱ्याचे नाव त्यावर घालावे, आणि उजव्या हाताला चार इंचांचा रकाना मोकळा ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला त्यात आपला शेरा लिहिता येईल.